माशाची साक्ष काढा



कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांच्या पत्रकात माशांवर लेख कशाला, असे कोणीही विचारील. ज्याची विहीर माघातच तळ दाखवते, ज्याची रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, त्याला मासा वर्षातून दिसतो तरी किती वेळा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायलाच हा लेख लिहिला आहे.

पाण्यासाठी आपण पुष्कळ भांडलो. जायकवाडीचे धरण 1976 साली पुरे झाले. सुमारे 102 टीएमसीचा साठा, 340 चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला नाथसागर, पण तो किती वेळा भरला हे सगळ्यांना ठाऊक आहे. वरच्या धरणांनी पाणी अडवायचे आणि खालच्यांनी आभाळाकडे पाहायचे, या रीतीविरुद्ध मोर्चे निघाले, खटले झाले. 2005 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला आणि 2014 साली त्या प्राधिकरणाने गोदावरी खोऱ्यात समन्यायी वाटपाचा आदेश दिला. या साऱ्या लढाईत आपण एकच प्रश्न विचारला: पाणी किती? पाणी कसले, हे विचारायचे राहून गेले. संभाजीनगर शहर हेच पाणी पिते, जालना पिते, कालव्याखालची शेते पितात. ते कसले आहे याची पहिली खबर सरकारी अहवालातून येत नाही. ती पाण्यात राहणाऱ्या जीवाकडून येते. त्यासाठी मासा.

दोन नद्या, दोन वसाहती

संभाजीनगरच्या उत्तरेच्या डोंगरातून खाम नदी निघते, हर्सूलच्या तलावातून पाणचक्कीजवळून शहरातून जाते आणि वाळूजच्या अंगाने नाथसागराकडे उतरते. शहराच्या पूर्वेला चिकलठाण्याकडून सुखना वाहते. एकेकाळी या नद्यांच्या डोहांत पोरे पोहत होती. पुढे शहराचे सांडपाणी आले, आणि चिकलठाणा व वाळूजच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. गेल्या काही वर्षांत शहराच्या हद्दीत खामच्या काठाची साफसफाई झाली, ते चांगलेच झाले. पण काठावर झाडे लावली म्हणजे तळातला गाळ स्वच्छ होत नाही.

आम्ही कारखान्यांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कोरडवाहू शेतीवर घर चालत नाही म्हणूनच आपली पोरे वाळूजला पाळीवर जातात. तो पगार नसता तर कैक घरांत चूल पेटली नसती. पण पगार दिला म्हणून नाल्यात काय सोडले ते विचारायचे नाही, असा करार आपण कोणाशी केलेला नाही.

या वसाहतींत मोटारींचे व दुचाकींचे सुटे भाग बनतात. भाग गंजू नये, चकाकावा म्हणून त्यावर जस्त, निकेल, क्रोमियम यांचा मुलामा चढवतात. मुलाम्याच्या टाकीतून काढलेला भाग पाण्याने धुतात. ते धुवण नीट प्रक्रिया न करता बाहेर पडले, तर धातू पाण्याबरोबर निघतो. बॅटऱ्या, रंग, भंगार, गॅरेजमधले जळके तेल यांतून शिसे आणि कॅडमियम येते. शहराचे सांडपाणीही यातून सुटलेले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या 88 औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले. 70 च्या वर गुण म्हणजे क्षेत्र गंभीर प्रदूषित. औरंगाबादला 77.44 गुण मिळाले. पोराने एवढे गुण मिळवले तर आपण पेढे वाटतो. या परीक्षेत मात्र जितके गुण जास्त तितके पाणी, हवा, जमीन वाईट. त्यानंतर जानेवारी 2010 मध्ये अशा क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना तात्पुरती बंदी झाली. बंदी पुढे उठली. गुणांची गोष्ट लोक विसरले.

धातू माशाचे काय करतो?

कीटकनाशक फवारले तर ते ऊन, पाणी, जिवाणू यांनी हळूहळू मोडते. काही लवकर मोडतात, काहींना वर्षे लागतात. धातू मोडत नाही. शिसे हे शिसेच राहते. ते पाण्यातून गाळात जाईल, गाळातून किड्यात, किड्यातून माशात, पण नाहीसे होणार नाही. जड धातूंची सारी भानगड या एका गोष्टीत आहे.

मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ल्याची कातडी इतकी पातळ असते की पाण्यातला प्राणवायू तिच्यातून थेट रक्तात जातो. धातूही तिथेच चिकटतो. तांबे, जस्त, कॅडमियम जास्त झाले की कल्ल्यांवर बुळबुळीत थर साचतो, पापुद्रे सुजतात, एकमेकांना चिकटतात. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

हे झाले जास्त मात्रेचे. थोड्या मात्रेचे काम मुकाट्याने चालते. कॅडमियम आणि जस्त माशाला कल्ल्यातून चुना, म्हणजे कॅल्शियम, घेऊ देत नाहीत. तांबे त्याच्या अंगातला मिठाचा तोल बिघडवते. तांब्याने माशाची वास घेण्याची शक्तीही जाते. मग त्याला खाद्य कळत नाही आणि शत्रूही कळत नाही. शिशाने कणा वाकतो, शेपटीकडचा भाग काळवंडतो. अंडी आणि नुकती फुटलेली पिले सर्वांत आधी बळी पडतात. म्हणून कित्येकदा नदीत मेलेला मासा दिसतच नाही. मोठे मासे म्हातारे होऊन संपतात, नवे जन्माला येत नाहीत, आणि एक दिवस भोई जाळे टाकतो तर मरळ नाही, वाम नाही. फक्त चिलापी, जी कशाही पाण्यात तग धरते.

कॅडमियम, शिसे हे माशाच्या कल्ल्यांत, काळजात आणि मूत्रपिंडात जास्त साठतात, मांसात त्यामानाने कमी. म्हणून संशयित पाण्यातला मासा खाताना कल्ले आणि आतडी-काळीज फेकून द्यावे, हा सल्ला सोपा आणि कामाचा आहे. पाऱ्याची गोष्ट वेगळी. गाळातले जिवाणू पाऱ्याचे असे रूप बनवतात की ते थेट मांसात साठते, लहान माशातून मोठ्यात जाताना वाढत जाते. ते कापून काढता येत नाही. जपानात मिनामाता गावी 1956 साली उघड झालेला रोग याच वाटेने आला होता. तिथे आधी मासे खाणारी मांजरे झटके येऊन मेली, माणसांचा नंबर नंतर लागला.

इथे एक इशारा दिला पाहिजे, कारण खोटी साक्ष खऱ्या दाव्याचा घात करते. एका रात्रीत हजारो मासे उताणे तरंगले, तर ते बहुधा धातूने मेलेले नसतात. मळीचे किंवा गटाराचे पाणी एकदम आले की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि मासे मरतात. कधी कीटकनाशकही कारण असते. धातूचे विष असे गाजावाजा करून येत नाही. म्हणून मेलेले मासे दाखवून "यात शिसे आहे" असे भाषण कोणी ठोकू नये. आधी नमुना घ्यावा.

आपल्या पाण्याची गंमत आणि आपल्या मातीचा धोका

आपल्या विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. काळ्या दगडातून झिरपलेले ते चुन्याचे पाणी. माशाला मात्र या चुन्याचा आधार होतो. पाण्यात चुना भरपूर असला की तो कल्ल्यावरची जागा आधीच अडवतो आणि धातूला आत शिरायला वाव कमी मिळतो. पण आम्लाचे पाणी आले की धातू पुन्हा मोकळा होतो, आणि मुलाम्याच्या कारखान्यात आम्ल हे रोजचेच.

मातीचेही तसेच. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत शिसे, कॅडमियम, जस्त घट्ट धरले जातात, पिकाला सहज मिळत नाहीत. ही जमेची बाजू. पण जे धरले गेले ते जातही नाही. पावसाने धुपून जाईल, नांगरटीने जाईल, ही आशा खोटी. सहा संयुजेचे क्रोमियम तर याला अपवादच. ते आपल्या अल्कधर्मी जमिनीत धरले जात नाही, पाण्याबरोबर खाली उतरते आणि विहिरीला लागते. विहिरीच्या पाण्यावर पिवळट झाक आली तर ते जनावरालाही पाजू नका, आधी तपासा.

आता ज्याचा कालवा नाही, नदी नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे येऊ. 2017 साली सरकारने "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना आणली. तलावातला गाळ आपण आपल्या ट्रॅक्टरने, आपल्या डिझेलने वाहून हलक्या जमिनीवर पसरतो. योजना चांगली आहे. मुरमाड रानात चार बोटे गाळ पडला की कापूस एक पाऊस जास्त सोसतो, हे आपण पाहिले आहे. डोंगराच्या पायथ्याचे, गावाच्या वरचे तलाव असतील तर त्यांचा गाळ बिनधास्त उचला. पण ज्या तलावात, ज्या बंधाऱ्यात शहराचे गटार किंवा वसाहतीचा नाला उतरतो, तिथला गाळ म्हणजे त्या नाल्याची तीस-चाळीस वर्षांची रोजकीर्द आहे. पाण्यातला धातू शेवटी गाळातच बसतो. तो गाळ आपण फुकट मिळाला म्हणून शेतात आणला, तर कारखान्याचा कचरा आपल्या खर्चाने आपल्या सातबाऱ्यावर चढवला असे होईल. धरण ओसरल्यावर नाथसागराच्या पोटात गाळपेरा करणारांनाही हेच लागू आहे.

आणि नाल्याच्या पाण्यावर वाढवलेली वैरण? ज्वारीचे मूळ खोल जाते आणि ती कॅडमियम बऱ्यापैकी उचलते. दूषित जमिनीतून धातू काढण्यासाठी ज्वारी लावून पाहणारे शास्त्रज्ञ जगात आहेत. जमीन साफ व्हावी म्हणून लावलेली ज्वारी कोणी खात नाही. आपण मात्र कडबा जनावराला घालतो आणि हुरडा पाहुण्याला. माणसाच्या मूत्रपिंडात गेलेले कॅडमियम निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात.

कायद्यात मासा आहे

महाराष्ट्रात पाणी प्रदूषणाचा कायदा 1969 साली झाला, मंडळ 1970 साली. पुढे केंद्राचा 1974 चा कायदा राज्याने स्वीकारला. 1993 साली केंद्राने पर्यावरण नियमांत सांडपाण्याची सर्वसाधारण मानके घातली. त्यात एक कलम असे आहे, जे गावात कोणाला माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत. सांडपाण्यात दुसरे पाणी न मिसळता त्यात मासे सोडायचे. 96 तासांनी शंभरातले किमान 90 मासे जिवंत असले पाहिजेत. म्हणजे माशाची साक्ष काढा, असे कायदाच म्हणतो.

त्याच मानकांतले आकडेही पाहा. नदीत सोडायच्या पाण्यात लिटरमागे कॅडमियम 2 मिलिग्रॅमपर्यंत चालते. पिण्याच्या पाण्यात मर्यादा आहे 0.003 मिलिग्रॅम. सहाशेपटीहून जास्त फरक. एकूण क्रोमियमची मर्यादा सांडपाण्यात 2, पिण्यात 0.05. शिशाची 0.1 आणि 0.01. काही उद्योगांना पुढे वेगळी आणि कडक मानके लागली, पण या आकड्यांमागचा हिशेब एकच आहे: सांडपाणी नदीत पडेल, नदीचे भरपूर पाणी त्यात मिसळेल आणि विष पातळ होईल. खाम आणि सुखनेला मार्गशीर्षानंतर स्वतःचे पाणी असते कुठे? आठ महिने नदी म्हणजे सांडपाणीच. जिला पाणीच नाही त्या नदीला बारमाही नदीचा कायदा लावणे, ही कोरडवाहू भागाची जुनीच थट्टा आहे. खताची शिफारस, पिकाचा विमा, कर्जाची मुदत, सगळ्यांत ती आपण सोसली. आता पाण्यातही सोसतो आहोत.

माशाची चाचणीही पुरी नाही. चार दिवस जगला म्हणजे मासा निरोगी, असे होत नाही. साठत जाणारे विष चार दिवसांत दिसत नाही. म्हणून सोबत गाळाची आणि नदीतल्या माशाच्या काळजाची तपासणी हवी. हे काम करणारी माणसे दूर शोधायला नकोत. आपल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात गेली अनेक वर्षे गोड्या पाण्यातले मासे आणि शिंपले यांच्यावर पारा, कॅडमियम, तांबे, जस्त यांचा काय परिणाम होतो यावर प्रबंध होत आले आहेत. ते इंग्रजीत आहेत. त्यातली विद्या मराठीत, चावडीवर यायला हवी.

"तुम्हीही विष फवारता"

असे आम्हाला कारखानदार सुनावतात. खरे आहे. कापसावरची कीटकनाशके माशाला मारक आहेत. एंडोसल्फान तर माशांच्या बाबतीत कुप्रसिद्ध होते, 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केले. पंप आणि डबे ओढ्यात धुऊ नयेत, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. स्फुरदाच्या खतात थोडे कॅडमियम असते, तेही खरे. जस्ताचे म्हणाल तर आपल्या जमिनीत त्याची कमतरता आहे म्हणून एकरी दहा किलो झिंक सल्फेट आपणच टाकतो. पण ते मोजून, विकत घेऊन, पिकाच्या गरजेपुरते. कारखान्याचे जस्त न मोजता, न विचारता, फुकट आमच्या नाल्यात येते. आपली चूक आपण सुधारू. पण तेवढ्यासाठी दुसऱ्याचे बिल आपण फाडणार नाही.

दोन ठिकाणचे शेतकरी

जपानात तोयामा जिल्ह्यात जिंझू नदी आहे. वरच्या खाणीतले कॅडमियम नदीने भाताच्या शेतात आणले आणि बायांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. लोक त्या रोगाला "इताई-इताई" म्हणत, म्हणजे "दुखतंय, दुखतंय". शेतकऱ्यांनी दावा लावला, 1971 आणि 1972 साली जिंकला. भरपाई मिळाली, पण आम्हाला जास्त मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. गावकऱ्यांनी आपल्या तज्ज्ञांना घेऊन खाणीत केव्हाही जाऊन तपासणी करावी आणि खर्च कंपनीने द्यावा, असा करार त्यांनी लिहून घेतला. बिघडलेल्या जमिनी पूर्ववत करायला मात्र 2012 साल उजाडले. बिघडायला वेळ लागत नाही, सुधारायला एक पिढी जाते.

दुसरे ठिकाण तमिळनाडूतले वेल्लोर. चामड्याच्या कारखान्यांच्या क्रोमियमने पालार नदीचे पाणी नासले, सुमारे 35,000 हेक्टर जमीन पूर्ण किंवा अंशतः नापीक झाल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने घेतली. 28 ऑगस्ट 1996 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की घाण करील त्याने किंमत मोजावी, आणि आपण घाण केली नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कारखानदाराची. हा निकाल आपल्यालाही लागू आहे. पण तो वापरायला आपण दारात उभे राहिले पाहिजे.

आपण काय मागायचे

जिल्हा बैठकीत पुढील ठराव करावेत, असे आमचे म्हणणे आहे.

एक. वाळूज, चिकलठाणा आणि पैठणच्या वसाहतींतून जिथे पाणी बाहेर पडते, तिथे वर्षातून दोनदा माशाची 96 तासांची चाचणी उघड्यावर, पंचांसमक्ष व्हावी. एक चाचणी वैशाखात, नदी कोरडी असताना.

दोन. खाम, सुखना आणि नाथसागराच्या काठावरचा गाळ व मासे यांची शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांसाठी दरवर्षी तपासणी व्हावी आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा.

तीन. ज्या तलावात गटार किंवा वसाहतीचा नाला येतो, त्याचा गाळ तपासल्याशिवाय शिवारात नेण्यास परवानगी देऊ नये. तपासणीचा खर्च योजनेतून व्हावा, शेतकऱ्याच्या खिशातून नव्हे.

चार. जिथे विहीर किंवा जमीन नासल्याचे सिद्ध होईल, तिथे 1996 च्या निकालाप्रमाणे भरपाई आणि जमीन दुरुस्त करण्याचा खर्च कारखानदाराकडून वसूल व्हावा. माहिती अधिकार 2005 पासून हाताशी आहे, पुण्याला हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे.

पाच. या कामात नाथसागरावरच्या भोई बांधवांना बरोबर घ्यावे. नाथसागरातला मासा विषारी आहे, असे आम्ही म्हणत नाही, आणि तपासणीशिवाय कोणी म्हणूही नये. एक अफवा उठली की बाजारात माशाचा भाव पडतो आणि मार त्यांच्या पोटावर बसतो. निकाल चांगला आला तर तो त्यांच्या मासळीचा दाखला होईल. वाईट आला तर दावा लावताना पहिला साक्षीदार तेच असतील.

गावोगावच्या शाखांनी या महिन्यात एवढे करावे: आपल्या शिवारात येणारा नाला कुठून निघतो ते पायी चालत जाऊन पाहावे, वाटेतल्या तलावांची आणि त्यातून गाळ नेलेल्या शेतांची यादी करावी, आणि पूर्वी कोणते मासे मिळत होते व आता कोणते मिळतात हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून आणावे. ही तिन्ही कामे करायला कोणाची परवानगी लागत नाही. याद्या बैठकीत जमा कराव्यात. तिथूनच पुढचा अर्ज लिहायला घेऊ.